सारजनची तेरवी

नागपूर,
९ जानेवारी १९६८

प्रिय रुपराव,

तुझं कार्ड परवा पोचलं. मार्तंडच्या तंबू-सिनेमाचं पौराणिक पिक्चर यंत्रात अडकून फाटलं, यात्रा तोंडावर आली, आणि 'तुह्या पिक्चरच्या डेपोत असन ते पाठव, कायबी चालते' असं तू लिहिलंस. कायबी म्हणजे काय, ते आता भोग.

एसटीच्या टपावरून नऊ डबे पाठवतो आहे. इंग्रजी लढाईचं पिक्चर आहे, अठरा वर्षांपूर्वीचं, काळं-पांढरं. बर्फाच्या टेकडीवर सहा शिपाई तारायंत्राची एक झोपडी राखत बसतात आणि मदतीची वाट बघतात. बस, एवढंच. गाणं नाही, नाच नाही, बाई म्हणशील तर एका फोटोत आहे. लोक इंटरव्हललाच उठून जातील, त्याची आत्ताच माफी मागतो.

आता नीट वाच. आपण पारशिवनीच्या शाळेत एका पाटावर बसलो म्हणून हे करतो आहे, दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं. इंग्रजी पिक्चरचा करार संपला की आमच्या डेपोत ते कुऱ्हाडीने तोडायचं आणि तोडल्याचा दाखला मुंबईला पाठवायचा, असा नियम आहे. हे पिक्चर कागदोपत्री ३० डिसेंबरलाच तोडून झालेलं आहे. दाखल्यावर माझी सही आहे, आमचे मॅनेजर मनोहरराव यांची आहे. मार्चच्या सुरुवातीला मुंबईचा अधिकारी येऊन तुकड्यांचं वजन करणार. म्हणजे जे पिक्चर तुझ्याकडे येतं आहे ते अस्तित्वात नाही. जानेवारी संपायच्या आत ते परत हवं, नाहीतर कुऱ्हाड माझ्या नोकरीवर पडेल.

काकींना नमस्कार सांग. त्यांच्या हातची भाकर खाऊन किती वर्षं झाली, मोजत नाही.

तुझा
केशव

पारशिवनी,
२२ जानेवारी १९६८

केशवले रुपरावचा रामराम.

तू लिहिलं होतं का लोक इंटरव्हलले उठून जातीन. केशव, यात्रा उठली, तंबू उठला, पण लोक नाही उठले. सोसायटीचं गोदाम रिकामं होतं, त्याच्या खिडक्यायले पोते लावले अन् आता रोज दुपारी तिथं खेळ होऊन राहिला. मार्तंड पुढच्या गावाले जाणार होता, तो बी राहिला.

इंग्रजी कोणाले येत नाही. मार्तंडलेही येत नाही. पण तो भोंगा घेऊन पडद्याजवळ उभा राहते अन् सांगते, 'आता हा म्हणते का घरून पत्र नाही आलं. आता तो म्हणते का माह्यंही नाही आलं.' एक दिवस सांगते तसं दुसऱ्या दिवशी सांगत नाही. लोक ते चालवून घेतेत. पण सारजनच्या बाबतीत त्यानं काही बदललं तं लोक त्याले खाली बसवते.

सारजन म्हणजे तो मोठ्या मिशीचा जाडा सार्जंट. सहा जणायचा सैपाक त्याच्याकडे हाय. सगळ्या पिक्चरभर तो आलू सोलते अन् पिप्यातलं सूप गरम ठेवते. बंदूक एक डावही चालवत नाही. आठव्या रिळात पुढच्या चौकीवर दोन शिपाई उपाशी बसले असते, त्यायले भांडंभर सूप देऊन यावं म्हणून बर्फातून निघते, अन् तिथं गोळी लागते. खाली बसते, मंग आडवा होते. भांडं सांडत नाही. त्या वक्ताले गोदामात कोणी खोकलत बी नाही.

मार्तंडनं मधात रामटेकहून एक रंगीत लढाईचं पिक्चर आणून पाह्यलं. लोकायनं अर्ध्यातून बंद कराले लावलं. मी दादाजी सुताराले म्हटलं, काहून गा, रंगीतमध्ये काय वाईट होतं? तो म्हणे, 'त्यातलं रगत लाल होतं. कुकाचं पाणी हाय हे पोट्ट्यालेही समजते. ह्याच्यात काळं दिसते, तं मले खरं वाटते.' मंग म्हणे, 'अन् रंगीतमध्ये गोरे लोक गोरे दिसतेत. ह्याच्यात सारजनचं तोंड माह्या तोंडाएवढंच काळं हाय.'

सव्वीस तारखेले बायायसाठी फुकट खेळ ठेवला हाय. तो झाला का पाठवतो.

तुहा
रुपराव

नागपूर,
२७ जानेवारी १९६८

प्रिय रुपराव,

बायांचा खेळ काल झाला असेल. आज डबे एसटीत चढले असतील, असं समजून हे लिहितो.

चढले नसतील तर चढव. परवा मनोहररावांनी मला सहज विचारलं, 'केशवराव, ते तोडलेल्या रिळांचं पोतं कुठे ठेवलंत?' मी म्हटलं, मागच्या खोलीत. तिथे पोतं आहे खरं, पण त्यात जुन्या जाहिरातींचे तुकडे आहेत, आणि वजन निम्मंही भरत नाही. वीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा खोटं बोललो ते एका सार्जंटच्या सुपासाठी.

दादाजी सुतारांचं म्हणणं मी डेपोत सांगितलं. आमच्याकडे रंगीत पिक्चरचं भाडं दुप्पट आहे. लाल रक्तासाठी लोक जास्त पैसे मोजतात, असं आम्ही समजत होतो.

उलट टपाली उत्तर दे.

केशव

पारशिवनी,
८ फेब्रुवारी १९६८

केशवले रामराम.

उत्तराले उशीर झाला, कारण गावात सुतक होतं. काल तेरवी झाली. आता तू विचारशीन का कोण गेलं. सारजन गेला.

पयलेपासून सांगतो. सव्वीस तारखेले बायायच्या खेळाले रुखमाकाकी गेली. तिनं आयुष्यात पयल्यांदा पिक्चर पाह्यलं. घरी आली तं चूल पेटवली नाही. मी विचारलं तं म्हणे, 'मयत झाली ना. सुतक हाय.' मले वाटलं उद्या विसरन. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गोदामात गेली, तिसऱ्या दिवशीही गेली, अन् सुतक काही सोडलं नाही. मंग शेजारच्या दोघी-तिघी तिच्यासंगं पाळाले लागल्या. मंग त्यायच्या घरच्यायलेही पाळा लागलं, कारण चुलीच बंद.

मी मधुसूदनभटाकडे गेलो. म्हटलं, महाराज, पिक्चरातल्या माणसाचं सुतक लागते का? ते म्हणे, 'शास्त्रात पिक्चर नाही. पण परदेशी मेलेल्याचं सुतक बातमी कानावर आल्या दिवसापासून धरतेत.' झालं. तेच काकीले पाहिजे होतं. कोणी म्हणे, तो तं अठरा वर्षांपासून रोज मरून राहिला, कुठल्या दिवसापासून मोजू? भट म्हणे, बाईनं पाह्यलं त्या दिवसापासून. सव्वीस ते सात, बरोबर तेरा.

गोत्राचा सवाल आला. ज्याचं गोत्र मालूम नाही त्याचं कश्यप. नाव 'सारजन'. क्रियेले कोण बसन यावर लय वाद झाला, कारण त्याचं इथं कोणी नाही. शेवटी दादाजी सुतार मार्तंडले म्हणे, 'त्याले रोज तूच मारून राहिला, तं तूच बस.' मार्तंडनं डोक्याचे केस काढले. एकशे चाळीस पानं उठली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी.

आता अडचण आयक. आज दुपारी मार्तंडनं पिक्चर लावलं, अन् पयल्याच रिळात सारजन आलू सोलत बसलेला. काल ज्यायनं त्याची बुंदी खाल्ली ते खाली मान घालून बसले. अर्धे लोक म्हणते, तेरवी झालेला माणूस असा दिसणं बरं नाही. अर्धे म्हणते, दिसू दे, आपल्याले पाहूनच जाईन. पंचायतीत निकाल लागला नाही. निकाल लागेपर्यंत डबे हलवाचे नाही, असं ठरलं.

तुहा
रुपराव

नागपूर,
१३ फेब्रुवारी १९६८

प्रिय रुपराव,

तुझं पत्र वाचून आधी मी हसलो, मग संतापलो, मग रात्रभर काकींचाच विचार करत राहिलो.

तू लिहिलं नाहीस तरी मला समजलं. रामाजीकाका बेचाळीस साली पलटणीत सैपाकी म्हणून गेले आणि परत आले नाहीत. तार नाही, पत्र नाही, नाव कुठल्या यादीत नाही. तेव्हापासून काकी कुंकू लावतात आणि कोणी काही बोललं तर उठून आत जातात. आता त्यांनी पडद्यावर मिशीवाला सैपाकी मरताना पाहिला. त्यांना तो काकाच वाटला, दुसरं काय असणार. त्यात नवल नाही, पण हे वाढू देणं बरं नाही. त्यांना जवळ बसवून शांतपणे सांग की हे नाटक आहे. सार्जंट होणारा माणूस नट आहे, मेल्यावर उठून त्याने चहा घेतला असेल. गोळी खोटी, बर्फसुद्धा खोटा असतो, मीठ नाहीतर साबणाचा चुरा पसरतात.

मुंबईचा अधिकारी ४ मार्चला येणार हे पक्कं झालं. पंचायतीला सांग की या पिक्चरचा मृत्यूचा दाखला आधीच निघालेला आहे आणि त्यावर माझी सही आहे.

केशव

पारशिवनी,
१८ फेब्रुवारी १९६८

केशवले रामराम.

तुह्यं पत्र मी काकीले जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते चुकलंच माह्यं. तू लिहिलं का तिले तो रामाजीकाका वाटला. ते आयकून ती हसली. म्हणे, 'केशवले सांग, मी येवढी खुळी नाही. तुहा काका हडकुळा होता. अन् ते सोंग हाय हे मले पयल्या दिवशी समजलं.'

मी म्हटलं, मंग तेरवी काहून केली वं काकी?

तिचं बोलणं जसं होतं तसं लिहितो. 'सोंग कोणाचं तरी असते ना रे. कुठंतरी एक सैपाकी असाच मेला असन, तवा त्यायनं पाह्यलं अन् पिक्चर काढलं. मनानं कोणी येवढं काढत नाही. त्याच्या खिशात बायकोचा फोटो होता. ती बाई दारात बसली असन. तिले कोणी लिहिलं का?'

मी म्हटलं, मले काय मालूम.

म्हणे, 'मले तं नाही लिहिलं कोणी.'

बस, येवढंच बोलली. काकाचं नाव मी तिच्या तोंडून आयकलं नाही, पण इतक्या वर्षांत येवढं बी ती कधी बोलली नव्हती.

आता तिचं म्हणणं असं का, केशवले इंग्रजी येते, तं त्यानं त्या बाईले पत्र लिहावं. तुहा माणूस असा गेला, इथं त्याचं सगळं नीट केलं, आता वाट पाहू नको. पत्र गेलं का पिक्चर परत भेटन. अन् हे तिचं नुसतं बोलणं नाही. आठव्या रिळाचा डबा तिनं उचलून नेला अन् जवारीच्या कोठीत पुरला. चार दिवस झाले, मार्तंड सातव्यानंतर एकदम नववं लावून राहिला. त्यात मदत येते अन् सारजन काही दिसत नाही. मार्तंड भोंग्यातून सांगते, 'सारजन सुट्टीवर गेला.' पंचायतीलेही हे पटलं, तो वाद मिटला. पण लोक आता पयल्यासारखे चूप बसत नाही. मरत नाही तं पाहाचं काय, असं म्हणते.

पत्र लिही गा. माह्यं आयक.

रुपराव

नागपूर,
२४ फेब्रुवारी १९६८

प्रिय रुपराव,

लिहिलं. काल दुपारी डेपोच्या टाइपरायटरवर लिहिलं आणि लंडनच्या कंपनीच्या नावे हवाई टपालाने टाकलं. पत्ता डब्याच्या झाकणावरच होता. आत दुसरं पाकीट घातलं, त्यावर 'मिसेस सार्जंट' असं लिहिलं, उत्तरासाठी पत्ता आमच्या डेपोचा दिला. टपाल-कारकुनाने मला विचारलं, पूर्ण नाव? मी म्हटलं, एवढंच माहीत आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

काकींना वाचून दाखव, मराठीत असं होतं:

'बाई, तुम्ही मला ओळखत नाही. तुमचे यजमान आमच्या गावात वारले. पडद्यावर वारले, पण पाहणारे होते. दोन उपाशी माणसांना जेवण द्यायला निघाले होते. फार वेळ त्रास झाला नाही. तुमचा फोटो खिशात होता, खराब झाला नाही. तेराव्या दिवशी एकशे चाळीस माणसं जेवली. आता वाट पाहू नका. आपली, रुखमाबाई.'

हे इंग्रजीत करताना माझं दोनदा अडलं. 'तेरवी'ला इंग्रजीत शब्द नाही, आणि 'आता वाट पाहू नका' हे लिहिताना बोटं थांबली. मी काकींच्या वतीने कोणाला ही आज्ञा करतो आहे, असं वाटलं.

आता कोठी उघडा. चार तारखेला नऊ दिवस उरले.

केशव

पारशिवनी,
२९ फेब्रुवारी १९६८

केशवले रामराम.

नऊही डबे आजच्या एसटीनं पाठवतो. कंडक्टर ओळखीचा हाय, डेपोवर आणून देईन.

काकीनं आठवा डबा सोता आणून देला, लुगड्याच्या फडक्यात बांधून. काल शेवटचा खेळ झाला, नऊच्या नऊ रिळं लावले. गोदामात पाय ठेवाले जागा नव्हती. सारजन पडला तवा मार्तंडनं भोंगा खाली ठेवला.

काकी आता रोज टपाल याच्या वक्ताले पोस्टात जाऊन बसते. पोस्टमास्तर म्हणे, बाई, विलायतचं पत्र महिनाभर येत नाही. ती म्हणे, 'मले बसाची सवय हाय.'

रुपराव

नागपूर,
११ मार्च १९६८

प्रिय रुपराव,

झालं. नोकरी वाचली, पण कशी ते ऐक.

डबे वाटेतल्या स्टँडवर अडकले होते, पोचले ते तीन तारखेच्या दुपारी. मागच्या अंगणात मी एकट्याने कुऱ्हाड चालवली. पहिली सात रिळं सरासर तोडली. आठव्याला हात चालेना. शेवटी ते मी सुरुवातीपासून न तोडता शेवटापासून तोडलं, म्हणजे सार्जंट आधी उठून बसला आणि मग तुटला. यात काय साधलं ते विचारू नको.

तुकडे दोन पोत्यांत भरले, डबे वर ठेवले. दुसऱ्या दिवशी मुंबईचे साहेब आले, काटा लावला, आणि वजन पाऊण किलो जास्त भरलं. कमी भरलं असतं तर चोरी म्हणाले असते. जास्तीसाठी त्यांच्या वहीत रकानाच नव्हता. ते म्हणाले, 'फिल्म वाळते, हलकी होते. जड कशी झाली?' मनोहरराव म्हणाले, 'नागपूरची हवा.' साहेबांनी एकेक डबा उघडायला लावला. आठव्या डब्याच्या तळाशी, फडक्यात बांधलेल्या, तीन भाकरी आणि ठेचा निघाला. मी रीळ काढताना फडकं पुसायचं समजून तसंच ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, 'हे काय आहे?'

मी म्हटलं, 'प्रवासाची शिदोरी.'

'कोणाच्या प्रवासाची?'

याला खरं उत्तर एकच होतं, ते मी दिलं नाही. माझी, म्हणालो. त्यांनी भाकरी वजनातून वजा केल्या, सही केली आणि स्टेशनला गेले. मग त्या भाकरी मी खाल्ल्या. कडक झाल्या होत्या.

पत्र आलं की कळवतो.

केशव

नागपूर,
२० एप्रिल १९६८

प्रिय रुपराव,

विलायतहून उत्तर आलं. सार्जंटच्या बायकोचं. मराठी करून सोबत पाठवतो, काकींना वाचून दाखव.

'प्रिय रुखमाबाई, तुमचं पत्र पोचलं. फार वर्षं मी वाट पाहिली. आता मनाला शांती आहे. तुम्ही परक्या माणसासाठी एवढं केलंत, देव तुमचं भलं करो. मीही आता वाट पाहणार नाही. तुम्हीही मन शांत ठेवा. आपली, मिसेस सार्जंट.'

काकींना बरं वाटेल अशी आशा आहे.

केशव

पारशिवनी,
२७ एप्रिल १९६८

केशवले रामराम.

तुह्यं पाकीट आलं तवा काकी पोस्टातच होती. मी तिथंच वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एक डाव वाचाले लावलं. मंग म्हणे, 'हे बाईचं पत्र नाही.'

मी म्हटलं, काहून?

'तो जेवला होता का, हे तिनं विचारलंच नाही. त्यानं सगळ्यायले वाढलं अन् तसाच निघाला, सोता एक घोट घेतला नाही. आपण लिहिलं का जेवण द्याले निघाला होता. मंग बायको पयले काय विचारन? हा कसा होता, कुठं पडला, हे मागून. पयले विचारन, जेवला होता का.' मंग चप्पल घालता घालता म्हणे, 'केशवनंच लिहिलं हे. लहानपणीही त्याले खोटं नीट जमत नव्हतं. त्याले सांग, खरं काय ते लिही, मी आयकीन.'

केशव, तिनं सांगतलं तसं लिहिलं. तू काय लपवून राहिला ते मले मालूम नाही. पण ती काही रागावली नाही, येवढं सांगतो.

रुपराव

नागपूर,
३ मे १९६८

प्रिय रुपराव,

काकींना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि हे वाच.

उत्तर खरंच आलं होतं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. कंपनीने आपलं पत्र त्या नटाकडे पाठवलं. मिसेस सार्जंट कोणीच नाही. फोटोतली बाई कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट होती. नट जिवंत आहे. एकाहत्तर वर्षांचा, समुद्रकाठच्या गावात राहतो, गुलाब लावतो. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: 'मी अकरा चित्रपटांत मेलो. त्याबद्दल कोणी कधी कोणाला जेवू घातलं नव्हतं. माझी पत्नी गेल्या वर्षी वारली, तेव्हासुद्धा आम्ही सहाच जण होतो. जेवणात काय होतं, हे कळवाल का?' सोबत एक फोटो आहे, रंगीत. तोही पाठवतो.

मी का लपवलं ते सांगतो. मला वाटलं, ज्याला मरताना डोळ्यांनी पाहिलं, ज्याची तेरवी केली, तो गुलाबाला पाणी घालतो आहे, हे कळलं तर काकी म्हणतील, मग आपला माणूस का नाही येणार. आणि आणखी सव्वीस वर्षं पोस्टात बसतील. म्हणून मी बायको बनलो. चुकलं.

केशव

पारशिवनी,
१२ मे १९६८

केशवले रामराम.

फोटो पाह्यला. काकीनं हात पुसले, उजेडात नेला, अन् लय वेळ पायत बसली. त्यात तो म्हातारा खुर्चीत बसला हाय, मांडीवर कुत्रं, तोंड टमाट्यासारखं लाल, डोळे निळे, मांगं गुलाब. म्हणे, 'येवढा लाल माणूस? हा तो नाही.'

मी म्हटलं, काकी, तोच हाय वं. मिशी पाय.

'मिशी तीच हाय. पण सोंग करणारा घरी गेला. ज्याचं सोंग होतं तो काही घरी गेला नाही.' मंग फोटो माह्या हातात देला. 'चांगलं झालं, हा तरी गेला.'

केशव, तू भेत होता तसं काही झालं नाही. तिनं एक शब्द वावगा काढला नाही. चूल पेटवली, भाकरी टाकल्या, मले वाढलं. मी जेवत होतो अन् ती तव्याकडे पायत म्हणे, 'मधुसूदनभटाले सांग, सोमवारी यावं.'

मी म्हटलं, कोणासाठी?

'तुह्या काकासाठी. किती दिवस उभं ठेवू त्याले बर्फात?'

काका बर्मात गेले होते, तिथं बर्फ नसते, हे मी तिले सांगतलं नाही.

सोमवारी नदीवर सगळं झालं. मी बसलो क्रियेले. गावातले सगळे आले, कोणाले बोलावलं नव्हतं. काकीनं कपाळ पुसलं ते तिचं तिनंच, बायायले हात लावू देला नाही. आता पोस्टात जात नाही. त्या म्हाताऱ्याले मात्र उत्तर द्याचं म्हणते. तिनं सांगतलं अन् मी लिहिलं, ते सोबत हाय. इंग्रजी करून पाठव, अन् आपल्या मनाचं काही घालू नको.

रुपराव

पारशिवनी,
१२ मे १९६८

सारजनचं सोंग करणाऱ्या भाऊले रुखमाबाईचा रामराम.

तुमी जिते हा, हे आयकून बरं वाटलं. जित्या माणसाची तेरवी झाली तं त्याचं आयुष्य वाढते, आमच्या इकडं म्हणतेत, म्हणून वाईट मानू नका. तुमी विचारलं जेवणात काय होतं. वरण-भात, वांग्याची भाजी अन् बुंदी. भाजी जरा तिखट झालती. तुमच्या घरची बाई गेली, आमाले मालूम नव्हतं, नाहीतं त्याच पंगतीत तिचंही पान वाढलं असतं.

माह्ये मालक पलटणीत सैपाकी होते. त्यायले मरताना कोणी पाह्यलं असन, तं त्यानं मले सांगतलं नाही. ते कसे पडले, बसून का उभ्यानं, कोणाले हाक मारली का, हे मी रोज येगयेगळं पायत होती. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. सव्वीस वर्षं माह्या डोळ्यानं ते धड मेलेच नाही.

तुमचं मी सात खेप पाह्यलं. सातही खेप सारखंच होतं. घाई केली नाही, वरडले नाही, खाली बसले अन् मंग आडवे झाले. मले वाटलं, असंच असन. असं असन तं चालते.

आता तुमचं वय झालं. यापुढं कोणी पिक्चरात मराचं काम देलं, तं नाही म्हणा. एका बाईले दिसलं, तेवढं बस झालं.

रुखमाबाई रामाजी,
पारशिवनी